निम्म्या लांबीची लहर

हौशी बिनतारी केंद्राच्या परवान्यात एक अट असे. हवेत सोडायचा मजकूर प्रयोगापुरता असावा, आणि खाजगी बोलणे झालेच तर ते इतके किरकोळ असावे की त्यासाठी कोणी तारऑफिसात जाणार नाही. आमच्या थोरल्या भावाने ही अट दोन वर्षे काटेकोर पाळली. रोज संध्याकाळी पाच वाजता तो दहा मिनिटे मोर्सच्या कळीवर बसे आणि आई बरी आहे, म्हैस व्याली, नाचणी झोडून झाली, असला मजकूर रोमन अक्षरांत, मराठीत पाठवी. ऐकणारा ठरलेला एकच होता. आमचा धाकटा भाऊ पूर्व आफ्रिकेत रेल्वेच्या एका आडबाजूच्या स्टेशनावर कारकून होता. आमच्याकडे पाच वाजत तेव्हा तिकडे दुपार असे, जेवणाची सुट्टी असे.

मी मधला. मुंबईत एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. हकीकत दुसऱ्या लढाईच्या तीन-चार वर्षे आधीची आहे. तिच्यातला बराच भाग मी पाहिला आहे. जो पाहिला नाही तो दादाच्या नोंदवहीतून घेतला आहे. अशी वही ठेवणे हीसुद्धा परवान्याचीच अट होती.

दादा पूर्वी बोटीवर बिनतारी यंत्र चालवीत असे. वडील वारले तेव्हा शेती सांभाळायला कोणी हवे म्हणून तो नोकरी सोडून परत आला. आमचे गाव पोलादपूरहून उमरठकडे जाणाऱ्या वाटेवर, डोंगराच्या उतरणीला. तिथे वीज नव्हती. त्याने कोरड्या बॅटऱ्या जमवल्या. दुसरी एक मोठी बॅटरी बैलगाडीतून महाडला नेऊन भातगिरणीच्या इंजिनावर भरून आणायची. एका व्हॉल्व्हचे प्रेषक यंत्र त्याने स्वतः बांधले. ऐकण्याची यंत्रे दोन बांधली, हुबेहूब एकसारखी. एक घरात राहिले, दुसरे धाकट्याच्या ट्रंकेत कपड्यांत गुंडाळून मोंबासाला गेले.

अडचण एरियलची आली. चाळीस मीटर लांबीच्या लहरीवर काम करायचा परवाना होता आणि त्या हिशेबाने तार घराच्या आढ्यापासून देवाच्या राईतल्या पहिल्या झाडापर्यंत जायला हवी होती. राईतले वाळके पानही कोणी उचलत नसे. दादाने गुरवाकरवी कौल लावला. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली असती तर होकार होता. बराच वेळ काहीच पडले नाही, आणि मग डावी पडली.

गुरव म्हणाला, "देवाला टकटक नको हाय."

"टकटक घरात होणार. तार नुसती झाडाला बांधायची."

"मंग तू इचार ना देवाला. माझं काम पाकळी लावायचं."

दादाने वाद घातला नाही. राईच्या अलीकडच्या आंब्याला तार बांधली. ती जेमतेम निम्मी भरली. तसेच काम सुरू केले आणि पाच आठवड्यांनी धाकट्याचे पत्र आले: "दादा, सापडलास. बारीक आहेस, पण स्वच्छ आहेस. काटा जिथे होता तिथे पेन्सिलीने खूण केली आहे. आता रोज त्याच खुणेवर बसतो."

ते पत्र आईने मला तीनदा वाचायला लावले. काट्याची खूण किती आकड्यावर होती, हे पत्रात नव्हते. ते आमच्यापैकी कोणी विचारले नाही. बातमी आली की ती कुठून आली हे आधी विचारायचे, एवढे एकच शिक्षण मला माझ्या धंद्याने दिले होते.

दोन वर्षांनी, संक्रांतीला मी घरी होतो तेव्हा परवाना देणाऱ्या खात्याचे पत्र आले. तुमच्या यंत्राची दुय्यम लहर वीस मीटरच्या पट्ट्याबाहेर दुसऱ्या केंद्राच्या कामात अडथळा आणते, ती महिन्याच्या आत बंद करावी, नाहीतर परवाना रद्द होईल.

दादाने मला याचा अर्थ सांगितला. कोणतेही प्रेषक यंत्र एकच एक लहर सोडत नाही. मूळ लहरीबरोबर तिच्या निम्म्या लांबीची, तिसऱ्या हिश्शाची अशा लहान लहरीही निघतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. त्या कोणालाच नको असतात. चांगल्या यंत्रात त्या आतच मारल्या जातात. आमचे यंत्र साधे होते आणि एरियल थेट कॉइलला जोडलेले होते, त्यामुळे हा कचरा सरळ बाहेर जात होता.

त्याच्याकडे एक परदेशी मासिक होते. त्यात नव्याच एका जोडणीचा नकाशा आला होता. मधे एक कॉइल, तिच्या दोन्ही टोकांना एकेक कंडेन्सर आणि दोन्ही कंडेन्सरांची दुसरी बाजू जमिनीला. बस, तीन वस्तू. पहिला कंडेन्सर व्हॉल्व्हशी जुळवायचा, दुसरा एरियलशी. तार कितीही बेढब लांबीची असो, यंत्राची शक्ती तिच्यात उतरते. त्याच वेळी कॉइल लहान लहरींना अडवते आणि कंडेन्सर त्यांना जमिनीत सोडून देतात.

आई चुलीपाशी बसून ऐकत होती. "एकच वस्तू दोन कामं करते ती कशी रे?"

दादाने कोनाड्यातले घासलेटचे नरसाळे काढून तिच्या हातात दिले. "हे काय करतं? डब्याचं तोंड मोठं, कंदिलाचं बारीक. ह्यातून ओतलं की सांडत नाही. आणि ह्याच्या आत जाळी आहे. गाळ वर राहतो. एकदाच ओततेस, दोन कामं होतात."

आई म्हणाली, "मग एवढं साधं होतं, तर दोन वर्षं काय केलंस? सांडत बसलास?"

"सांडत होतो आणि गाळही पाठवत होतो."

"मास्तरानं तुला शाळेत फुकटच पुढं घातला."

दादाला इतके खुशीत मी क्वचित पाहिले आहे. एक कंडेन्सर जुन्या रेडिओचा होता. दुसरा त्याने महाडच्या फोटोवाल्याकडून टाकाऊ काचा आणून, त्यांच्यामध्ये चहाच्या खोक्यातला वर्ख घालून केला. कॉइल बाटलीवर गुंडाळली. सगळे मिळून बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मावले. तो डबा तळहातावर घेऊन तो घरभर हिंडला.

दुय्यम लहर खरोखर मेली की नाही, हे घरात बसून कळत नाही. जवळून सगळेच मोठ्याने ऐकू येते. म्हणून त्याने ऐकण्याचे यंत्र ओढ्यापलीकडच्या खाचरात नेले आणि कळ दाबायला आईला बसवले. मी मधे बांधावर उभा राहून हाका पोचवीत होतो.

"दाब!" तो ओरडे. "दाब!" मी ओरडे. आई अंगठ्याने कळ दाबून धरी.

"सोड!"

हे दोन तास चालले. तो मधेच घरी येई, पहिला कंडेन्सर जरा फिरवी, मीटरचा काटा खाली बसला की दुसरा फिरवी, पुन्हा ओढा ओलांडून जाई. आई म्हणाली, "तांदूळ सडले असते तर निदान भात तरी मिळाला असता." पण उठली नाही. शेवटी पलीकडून तो हात वर करून ओरडला, "मेली! साफ मेली!"

मी तसेच ओरडलो. आई दारात आली. "कोण मेली रे?"

त्याच संध्याकाळी पाच वाजता त्याने नव्या जोडणीवरून पहिला मजकूर पाठवला. एरियलमध्ये पूर्वीच्या दुप्पट शक्ती जात होती. मूळ लहरीची, शुद्ध. वहीत त्या दिवशी लिहिले आहे: "उत्तम." दुसऱ्या दिवशी मी मुंबईला परतलो.

नऊ-दहा दिवसांनी आईला ताप भरला. चौथ्या दिवशी महाडहून डॉक्टर आले आणि मुदतीचा ताप म्हणाले. मुदत एकवीस दिवसांची. या वयात शेवटचा आठवडा कठीण जाईल, असेही त्यांनी दादाला अंगणात सांगितले. दादाने मला पत्र लिहून बोलावले. बाणकोटपर्यंत आगबोट, तिथून दासगावपर्यंत खाडीची लाँच आणि पुढे मोटार, असा दीड दिवसाचा प्रवास करून मी पोचलो तेव्हा धाकट्याचा प्रश्न निघून संपलेला होता. दादाने मला त्याची हकीकत सांगितली.

तो आईला म्हणाला होता, "आता हा मजकूर किरकोळ राहिला नाही. नियमानं तार करायला हवी. मी महाडला जातो."

आई म्हणाली होती, "तार नाय करायची."

"अगं, तू आजारी आहेस एवढंच कळवायचं."

"मी जिती असताना माझी तार जायची नाय. त्या मुलखात पोराच्या हातात तार पडली तर वाचायच्या आधीच त्याला मी मेलेली दिसंन. तुझी टकटक हाय ना? तिच्यावर सांग. आजारी हाय, ये म्हणावं."

ज्याने हे दिवस पाहिले नाहीत त्याला हे पटणार नाही. आमच्या खोऱ्यात घराघरातला एक तरी माणूस मुंबईला गिरणीत किंवा गोदीत होता. तार येई ती त्याच्याबद्दलच येई आणि एकाच कारणाने येई. पोस्टमन लिफाफा घेऊन चढाव चढू लागला की तो कोणाच्या दाराशी थांबतो हे न बघताच बायका रडू लागत. आजाराची तार, लग्नाची तार, पोचल्याची तार असे प्रकार आमच्याकडे नव्हते. मी वर्तमानपत्रात रोज पन्नास तारा हाताळणारा माणूस. मीसुद्धा आईचे बोलणे मोडले नाही.

शिवाय मोडायचे कारणच दिसत नव्हते. दोन वर्षांत धाकट्याने एकही पत्र असे लिहिले नव्हते की ज्यात ऐकलेल्या मजकुराचा उल्लेख नाही. दिवसाउजेडी चाळीस मीटरची लहर समुद्रापलीकडे सहसा जात नाही, हे दादाला माहीत होते. पण पत्रे येत होती. पुरावा हातात असताना कोणी नियम आठवत बसत नाही. आता तर यंत्र आधीपेक्षा चांगले झाले होते.

वहीतल्या नोंदी अशा आहेत. पाचवा दिवस: "आईला मुदतीचा ताप. रजा काढून पहिल्या बोटीने ये." हाच मजकूर तीन वेळा. सहावा: "कालचाच निरोप पुन्हा. आई शुद्धीवर आहे." आठवा: "मधला आला. आईने पेज घेतली." अकरावा: "रात्री बडबडली. तुझे नाव घेतले."

धाकट्यालाही बोलावतो आहे, असे दादाच्या पत्रात होते, म्हणून मी मुंबई सोडताना कचेरीत बोटींच्या आगमनाचे सदर बघणाऱ्या सोबत्याला सांगून ठेवले होते. आफ्रिकेची बोट सोळाव्या दिवशी लागणार होती. उतारूंत धाकटा आहे का ते बघून त्याने कळवायचे होते. मात्र कार्डाने, तारेने नव्हे.

आई रोज पाचनंतर विचारी, "ऐकलं का त्यानं?"

"ऐकलं असणार," दादा म्हणे.

"असणार म्हंजे?"

"त्याला उलट बोलता येत नाही ना आई. त्याच्याकडे नुसता कान आहे."

"कान चांगला हाय त्याचा. लहानपणी म्हशीची घंटा कोणाची ती लांबून ओळखायचा."

अठराव्या दिवशी सकाळी कार्ड आले. बोट वेळेवर लागली होती. यादीत नाव नव्हते, माणूसही उतरला नव्हता. आम्ही दोघे गोठ्याच्या मागे गेलो.

मी म्हणालो, "मी महाडला जातो. तिला सांगू नकोस."

"आता तार जाऊन काय होणार? पुढची बोट पंधरा दिवसांनी."

"निदान त्याला कळेल तरी."

"त्याला कळलेलं आहे," दादा म्हणाला. "रजा मिळाली नसेल. दोन वर्षं तो ऐकतोय, आणि नेमका आत्ताच ऐकणार नाही?"

मी महाडला गेलो नाही. त्या दिवशी पाच वाजता आईने त्याला जवळ बोलावून मजकूर स्वतः सांगितला. तो वहीत आहे: "आई विचारते, ऐकलंस का. नुसतं ऐकलंस तरी पुरे, येण्याची घाई करू नको."

एकोणिसाव्या दिवशी पहाटे ती गेली. दुपारी सगळे आटोपल्यावर मी महाडला जाऊन तार केली.

एकविसाव्या दिवशी पोलादपूरहून टपालवाला आला आणि त्याने धाकट्याचे पत्र दिले. ज्या बोटीने तो यायला हवा होता, त्याच बोटीने ते आले होते. पत्र आईच्या तापाच्या आधी लिहिलेले होते. दादा ओसरीवर सुतकात बसला होता. त्याने मला वाचायला सांगितले.

"दादा, तू थांबलास का? आठ दिवस झाले, खुणेवर काही नाही. अठ्ठ्याहत्तरवर तू असायचास, तिथे नुसती खरखर आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काटा फिरवून पाहिला. बॅटरी नवी घातली. यंत्र बिघडले की परवान्याची काही भानगड झाली? आई बरी ना? मी रोज बसतोच आहे."

दादाने विचारले, "किती म्हणाला?"

"अठ्ठ्याहत्तर."

तो उठून आत गेला. घरातले यंत्र धाकट्याच्या यंत्रासारखेच होते, त्यामुळे काटाही तोच आकडा दाखवणार होता. त्याने काटा अठ्ठ्याहत्तरवर नेला आणि हेडफोन कानाला लावला. चाळीस मीटरची जागा त्या तबकडीवर एकतीसच्या आसपास होती, हे मला नंतर कळले.

"हे वीस मीटर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे चाळीसवर मी त्याला कधी पोचलोच नाही. एकही दिवस नाही. तो माझा गाळ ऐकत होता. तार निम्मी भरली ना, ती त्या निम्म्या लहरीलाच बरोबर बसली. आणि दिवसा वीसच तिकडे पोचते." त्याने बिस्किटांचा डबा पुढे ओढला, झाकण काढले, आणि कॉइलवर मधोमध बोट ठेवले. "इथून निम्मे वेढे बाद केले असते की झालं असतं. ह्याच डब्यावर, वीस मीटरवर, आणि कायदेशीर; तो पट्टाही परवान्यात आहे. पाच मिनिटांचं काम होतं."

मी म्हणालो, "तुला कळायला मार्ग नव्हता."

"होता. एक आकडा विचारायचा होता."

आईने कळ दाबली होती, मी हाका पोचवल्या होत्या आणि आम्ही तिघांनी मिळून ती एकुलती एक वाट दोन तास खपून बंद केली होती.

सुतक फिटल्यावर दादाने धाकट्याला सविस्तर पत्र लिहिले. काय झाले, कोणत्या दिवशी झाले, कोणाची चूक, सगळे. आता वीस मीटरवर, जुन्या खुणेच्या किंचित अलीकडे ऐक, असेही लिहिले. उत्तर दीड महिन्याने आले. त्यात दोष देणारे अक्षर नव्हते. एक मागणी होती. "ते सगळे दिवस तू जे जे पाठवलेस ते तुझ्या वहीत असेल. पत्रात लिहू नको. हवेतून पाठव. एका दिवशी एकाच दिवसाचे, पाच वाजता. मला ते जसे ऐकायला हवे होते तसे ऐकायचे आहे."

मी रजा घेऊन गेलो. ऊन कडक होते, आंबे उतरायला आले होते. दादाने कॉइलचे निम्मे वेढे आधीच बाद केले होते. पाच वाजता त्याने वही उघडली आणि पाचव्या दिवसाचा निरोप पाठवला: आईला मुदतीचा ताप, रजा काढून पहिल्या बोटीने ये. तीन वेळा पाठवलेला होता म्हणून तीन वेळा पाठवला. दुसऱ्या दिवशी सहावा. मग सातवा. घरात रोज एकेक दिवस पुढे जाऊ लागला. आईने पेज घेतली त्या दिवशी दादा जरा बरा दिसला. बडबडीची नोंद आली त्या दिवशी तो जेवला नाही. मला मोर्स येत नाही. मी शेजारी बसून वहीतल्या ओळीवर बोट ठेवी आणि कळीचा आवाज कुठपर्यंत आला असेल याचा अंदाज घेई.

अठराव्या दिवसाच्या नोंदीला तो बसला तेव्हा माझे बोट पहिल्या वाक्यावर होते. कळ सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. मग थांबली ती थांबलीच. त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले. दहा मिनिटे संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला, मग त्याने बॅटरीची तार काढली.

धाकट्याचे पत्र पुढच्या महिन्यात आले. त्याने सगळ्या दिवसांची एकाखाली एक यादी केली होती आणि प्रत्येकापुढे शेरा होता. स्वच्छ. स्वच्छ. मधे गडगडाट, पण कळले. स्वच्छ. आवाज पूर्वीपेक्षा कितीतरी मोठा. अठराव्या दिवसापुढे लिहिले होते: "अपुरा. 'आई विचारते'च्या पुढचे आले नाही. पुन्हा पाठव."

दादाने पत्र वाचून, भरलेल्या वहीबरोबर, मला मुंबईला पाठवले. तो निरोप त्याने पुन्हा पाठवला नाही. वही माझ्याजवळ होती आणि ते वाक्य मला पाठ होते. मीही ते कधी धाकट्याला लिहून कळवले नाही.